‘परत सांगा’ म्हणणाऱ्या कंडक्टरांना निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पालिकेचे सन्माननीय अध्यक्षसाहेब, मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, पालिकेचे चिटणीस, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या वॉर्डाचे माजी मेंबर, म्हणजे आपले कंडक्टर, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या आपल्या वहिनी, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या राहिलेल्या आणि दाराशी थांबून कधी एकदा सुटतोय याची वाट बघणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर आत्ताच मनातल्या मनात करून घ्या, माझ्यावर सोडू नका.

हे भाषण मी सांगितलं आणि माझ्या सुनेने लिहून काढलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून तिने अक्षर चांगलं मोठं काढलंय. लिहिता लिहिता ती मधेच म्हणाली, “आई, हे वाक्य काढूया का?” मी म्हटलं, राहू दे. तेव्हा कुणाला काही लागलं तर तिला बोलू नका.

माझ्या आधी बरेच जण बोलले आणि चांगलं बोलले. बेकरीवाले दादा बोलले, शिवणक्लासच्या ताई बोलल्या, बस डेपोच्या युनियनचे सेक्रेटरी बोलले, त्यांचा तर गळाच भरून आला. आणि प्रत्येकाने बसायच्या आधी एक वाक्य न चुकता म्हटलं, “मी तर कंडक्टरांनाच मत दिलं होतं.” लगेच टाळ्या. मी तिकडे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला घाम फुटत होता. अहो, सगळ्यांनी जर यांना मत दिलं, तर मी निवडून आले कशी? हसू नका. मी खरंच विचारतेय. मला मतं दिली कुणी? मी स्वतः तर दिलं नाही. मीसुद्धा यांनाच दिलं.

हो. उमेदवार मी, आणि मत समोरच्याला. सून हेच वाक्य काढूया म्हणत होती.

आता पाहुण्या बाईंना यातलं काही माहीत नाही, म्हणून थोडं मागून सांगते. आपले कंडक्टर आयुष्यभर शहर बसमध्ये उभे राहिले. निवृत्त झाल्यावर लोकांनी उभं केलं म्हणून वॉर्डातून उभे राहिले, आणि दोन मुदती आपले मेंबर होते. त्यांच्या आधी आपल्या वॉर्डाचा कारभार कसा चालायचा, ते सांगायला नको. ज्याची मेंबरच्या घरी ऊठबस, त्याच्या गल्लीत नळाला पाणी. वॉर्डाची बैठक पालिकेत दुपारी व्हायची. दुपारी कोण जाणार? कामावरचा माणूस जाणार? बैठकीला मेंबर, त्याचा मेहुणा आणि चहावाला. ठराव एकमताने मंजूर.

कंडक्टर म्हणाले, लोक बैठकीला येत नाहीत ना, मग बैठक लोकांकडे जाईल. आणि खरंच नेली. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी लाँड्रीत, पाळी बदलताना डेपोत, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी बाजारात. मी ज्या लाँड्रीत काम करते तिथे हॉस्पिटलांच्या चादरी धुतल्या जातात. आमच्याकडे बैठक म्हणजे चादरींच्या ढिगांवर बसलेल्या बायका, आणि मधे पालथ्या बादलीवर मेंबर. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली. पुढे पुढे कंटाळा यायला लागला.

कंटाळा कशाचा? तर त्यांच्या एका पद्धतीचा. विषय मांडून झाला, बोलणं झालं, आता हात वर करायचे, तेवढ्यात हे गर्दीत कुणाकडे तरी बोट दाखवायचे. “तुम्ही. आत्ता आपण काय ठरवतोय ते परत सांगा.” आपल्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं तर मतदान. नाही आलं तर त्या माणसाला एका शब्दाने दुखवायचे नाहीत, म्हणायचे, “म्हणजे मीच नीट सांगितलं नाही,” आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टॉपपासून. वॉर्डातली पोरंसुद्धा त्यांची नक्कल करायची. आई म्हणाली अभ्यासाला बस, की पोरगं म्हणणार, “परत सांगा.”

एकदा असं बोट माझ्याकडे आलं. मी इस्त्रीच्या खात्याची मुकादम. माझ्या बायकांना नगावर पैसे मिळतात, तेव्हा बैठक लांबली की माझा जीव खालीवर व्हायचा. मी म्हटलं,

“कंडक्टर, रोलर थंड होतायत.”

“होऊ द्या. तुम्ही परत सांगा.”

“सांगायचं काय त्यात? दिवा लावायचाय ना? लावून टाका!”

“कुठे?”

“खांबावर. झाडावर लावतात का?”

“कुठल्या खांबावर?”

मला सांगता येईना. खांब दोन होते, एक आमच्या गेटाशी आणि एक रस्त्याच्या ठेकेदाराच्या घरासमोर, आणि विषय निघाला होता तो ठेकेदाराच्या खांबाचा. मी भांडत होते तो दिवा आमच्यासाठी नव्हताच. बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या हाताखालच्या बायका, माझ्याच खात्यात, माझ्यावर. दिवा शेवटी आमच्या गेटाशी लागला, ते मी विसरले. हसणं विसरले नाही.

म्हणून निवडणूक लागली तेव्हा मी अर्ज भरला. निवडून यायला नव्हे हो. ह्यांना एक चिमटा काढायला. माणूस चांगला आहे, पण जरा घाबरला म्हणजे भराभर कामं उरकेल, आमच्या गल्लीचं गटार चर्चेतून बाहेर निघेल, एवढाच हिशेब. “कमी बोलू, काम करू, परत सांगा बंद करू,” असं मी गल्लोगल्ली ओरडत फिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, लोकांनाही कळतंय की हा चिमटा आहे.

आणि खरंच त्यांना कळत होतं. घोळ झाला तो तिथेच. प्रत्येकाने मनाशी म्हटलं, कंडक्टर तर येणारच निवडून, बाकीचे देतीलच त्यांना, मी आपलं एक मत हिला देतो, तेवढाच चिमटा. बेकरीवाले दादा, तुम्ही मान खाली घालू नका. निकालाच्या दिवशी पावाची लादी हातात घेऊन तुम्हीच मला म्हणाला होतात, “अहो, मी तर गंमत म्हणून दिलं, सगळ्यांनी कसं दिलं?” ताई, तुमच्या क्लासमध्ये काय झालं तेही मला माहीत आहे. आणि डेपोच्या सेक्रेटरींना पाणी द्या कुणीतरी.

टीव्हीसमोर बसलं की आपण कसे असतो? देशाचा कारभार कसा चालवावा ते आपल्याला पाठ. कुणी पक्ष बदलला, कुणी खुर्ची सोडत नाही, सगळ्यांना घरी बसवलं पाहिजे, असं ओरडत आपण वाटीतली भाजी गार करतो. आणि दाराशी चालून आलेल्या आपल्या माणसाला मात्र आपण गंमत म्हणून घरी बसवलं. राजधानीतल्या लोकांना नावं ठेवायला आता मला तरी तोंड उरलेलं नाही. तुमचं तुम्ही बघा.

निकालानंतर मी त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं.

“या मेंबर,” त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

कंडक्टर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी उघडून साफ करत होते. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं, “कंडक्टर, मी तुम्हालाच मत दिलं होतं.”

ते शिट्टीत फुंकर मारत म्हणाले, “मग एक तरी पक्कं होतं म्हणायचं. दुसरं हिचं.”

वहिनी कट्टा पुसत राहिल्या. जिथे काहीच सांडलं नव्हतं तिथे पुसत होत्या.

ते म्हणाले, “काय गं?”

वहिनी म्हणाल्या, “मला वाटलं, थोडी मतं कमी पडली तर जेवायच्या वेळेला घरी याल.”

हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, सांग, माझ्या मनावरचं ओझं उतरेल.

कंडक्टर हसले. इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं, आणि आम्ही दोघी पण हसलो. मग ते हसायचे थांबले. शिट्टी कुकरच्या झाकणावर बसवली, काढली, परत बसवली. मी तिथून कधी एकदा निघते असं मला झालं.

निघता निघता मी म्हटलं, “मी राजीनामा देते. तुम्ही परत उभे राहा.”

तेव्हा मात्र ते चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा बघितलं. “लोकांनी गमतीने दिलेलं मतही मतच असतं. चूक त्यांची आहे, त्यांना निस्तरू द्या. आणि तुम्ही चुकून निवडून आलात, म्हणून चूक म्हणून बसायचं असं कुठे लिहिलंय? जा, कामाला लागा.”

मी कामाला लागले. कशी लागले ते सगळ्या वॉर्डाला माहीत आहे, नोटीस दवाखान्याच्या दारावर लागलीच आहे. ती लागल्यापासून रस्त्यात मला जे ऐकावं लागतंय ते इथे पाहुण्यांसमोर म्हणून दाखवत नाही. पण ते कसं झालं हे लोकांना माहीत नाही. ते मला आज सांगायचं आहे.

पालिकेची माझी पहिली बैठक सभागृहात झाली नाही. अध्यक्षसाहेबांच्या खोलीत झाली. खोली चांगली आहे, गालिचा आहे, दार लावलं की बाहेरचा आवाज आत येत नाही. चहा कपबशीतून. चिटणीससाहेब एकेक विषय वाचत होते आणि वाचण्याचा वेग असा, की मागे कुणी लागलंय. मला मधेच ‘दवाखाना’ एवढं ऐकू आलं. मी खूश. म्हटलं, आपल्या दवाखान्याचं काहीतरी होतंय. मग बरेच मोठे शब्द आले. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, “कुणाची हरकत?”

कुणी बोललं नाही. मी पण बोलले नाही.

मला काही समजलं नव्हतं. समजलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. लाँड्रीत ज्या बाईच्या आवाजापुढे मशीन कमी पडतं ती मी. तिथे सगळे माना हलवत होते, सगळे शिकलेले, नीट इस्त्रीचे कपडे, आणि मला वाटलं, आत्ता विचारलं तर हे हसतील. म्हणून मी पण मान हलवली. वर बिस्कीट घेतलं. बशीचा आवाज होऊ नये म्हणून कप जपून खाली ठेवला. आपला संध्याकाळचा दवाखाना त्या वेळात बंद झाला.

अध्यक्षसाहेबांवर माझा राग नाही. ते मोठ्या हॉस्पिटलात सगळी सोय एकत्र करतायत, त्यांची काही कारणं असतील. ते हरकत विचारत होते. मीच घेतली नाही. कंडक्टर बोट दाखवून विचारायचे ते का, हे मला त्या गालिच्यावर बसून कळायला हवं होतं. तेव्हाही नाही कळलं. कळलं त्यानंतर, माझ्या जावेमुळे.

माझी जाऊ माझ्याच खात्यात रोलरवर असते. ती तिथे, खांबाशी बसली आहे. मागच्या आठवड्यात संध्याकाळच्या पाळीत वाफेचा पाइप सुटला आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोघी तिला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या, कारण इतकी वर्षं आम्ही तिथेच जातो, गेटातून निघालं की समोर. दाराला कुलूप. कुलपाखाली नोटीस. तिथून मोठं हॉस्पिटल दोन बस बदलून. भाजलेला हात ओल्या टॉवेलात धरून ती बसमध्ये उभी होती, तिला कुणी जागासुद्धा दिली नाही.

मी रात्रीचं जेवण घेऊन तिच्या घरी गेले. दिरांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. ती पलंगावर बसली होती.

मी विचारलं, “फार दुखतंय का गं?”

ती म्हणाली, “मेंबरबाई, हे मला विचारताय की वॉर्डाला?”

आम्ही दोघी एकाच मांडवात लग्न होऊन आलो. एका चुलीवर स्वयंपाक केला, एकमेकींची पोरं अंगाखांद्यावर वाढवली. तिने मला कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “तुम्ही तिथे होतात ना? मग तुम्ही काय म्हणालात?”

मी सांगितलं, “काही नाही म्हणाले.”

तिने डबा घेतला नाही. मी तो उंबऱ्याशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो न उघडता आमच्या घरी परत आला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज इथे आली आहे ती कंडक्टरांसाठी.

आता हे सगळं निरोपाच्या भाषणात कशाला, असं कुणी म्हणेल. कंडक्टरांबद्दल चार चांगले शब्द बोलायचे सोडून बाई स्वतःचंच रडगाणं गातेय. पण मला सांगा, त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं तरी काय? ते इमानदार होते? सगळ्यांना माहीत आहे. ते नम्र होते? तेही माहीत आहे. हे सगळं माहीत असूनच आपण त्यांना पाडलं. आणि आज वर्गणी काढून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तुम्ही आमचा वेळ खाता, असं ज्या माणसाला आपण दोन मुदती तोंडावर म्हणत आलो, त्याला घड्याळ! दुकानात गेलेल्यांनी जरा तरी विचार करायचा होता. कंडक्टर, मनाला लावून घेऊ नका. काटे चांगले आहेत.

परवा ते आणि वहिनी मुलीकडे राहायला जातायत, कायमचे. म्हणजे सोमवारी ते इथे नाहीत. आणि सोमवारी दुपारी पालिकेची पुढची बैठक आहे.

कंडक्टरांनी भांडून एक नियम करून घेतला होता. वॉर्डाच्या लोकांनी आपल्या बैठकीत ठराव केला, तर पालिकेला तो विषय पुन्हा घ्यावाच लागतो. म्हणजे दवाखान्याचा विषय अजून उघडता येतो. पण सोमवारच्या बैठकीत हाच नियम रद्द करायचा विषय आहे. या वेळी मी चिटणीससाहेबांकडे जाऊन बसले आणि म्हटलं, मला नीट समजावून सांगा. त्यांनी समजावलं. मला समजलं नाही. मी म्हटलं, पुन्हा. ते वैतागले, पण सांगितलं. बरोबर ना, साहेब? आता मला पक्कं समजलंय. सोमवार गेला की आपल्या हातात काही नाही. दवाखाना नाही आणि विचारायची सोयही नाही.

म्हणून मी इथून जाहीर करते, की सोमवारी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी, वॉर्डाची बैठक लाँड्रीत होईल, इस्त्रीच्या खात्यात, दवाखान्याचा ठराव करायला. मॅनेजरसाहेब, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून तुम्हाला वेगळा निरोप पाठवत नाही. रोलर थंड राहतील. माझ्या बायकांचं नगाचं नुकसान होईल, ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, आणि त्यांनी मला काय म्हटलं ते सून लिहायला तयार नाही. अध्यक्षसाहेब, तुम्हीही या. गालिचा नाही, पण चादरी धुतलेल्या असतात.

यापुढचं लिहिलेलं नाही. मला बघायचंय. मत कुणाला दिलं ते नका सांगू, ते मला आता ऐकवत नाही. सोमवारी जो येणार असेल त्याने हात वर करा. आत्ता. टाळ्या नकोत, हात.

हां. हे इकडे... ते मागे दोन-तीन... डेपोचे सेक्रेटरी, तुमचा पूर्ण वर आहे की केस सारखे करताय? ठीक. बेकरीवाले दादा, सकाळी भट्टी असते, मला माहीत आहे. मी तुम्हाला भाग पाडत नाही. आमच्या घरातले मात्र हात खालीच ठेवून बसलेत, त्यांच्याशी घरी बोलते.

‘मी तर कंडक्टरांनाच मत दिलं’ म्हणणारे जेवढे होते, त्यांच्या मानाने हे फार थोडे आहेत. पण हे डोळ्यांनी दिसतायत.

माझ्या जावेचा हात वर नाही. उजवा बांधलेला आहे, डावा मोकळा आहे. तिने केला नाही. बरोबर आहे तिचं. मी तरी कशाच्या जोरावर मागणार?

कंडक्टर, वहिनी, सुखाने राहा. तुम्हाला इथून निरोप देताना अभिमानाने मान ताठ व्हायला हवी होती. ती होत नाही, हे तुमच्यापासून लपवून काय उपयोग? तुम्ही आम्हाला इतकी वर्षं सहन केलंत, त्याबद्दल वॉर्डाच्या वतीने आभार मानते. अध्यक्षसाहेबांनी मला बोलू दिलं, मधेच चिठ्ठी पाठवली नाही, त्यांचे आभार. मुख्याध्यापिका बाईंनी एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे आभार. खुर्च्या लावणाऱ्यांचे आणि माईक धरून उभं राहिलेल्याचे आभार.

भाषणात कुठे तोल गेला असेल, कुणाला टोचलं असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पोटात घाला. दवाखान्याचं मात्र पोटात घालू नका. ते सोमवारी या आणि माझ्या तोंडावर बोला.